कोयत्याच्या हिशेबातली बाई

मुकादम ‘यंदा बारा कोयते उचलले’ असं सांगतो, तेव्हा त्यानं चोवीस माणसं कामाला बांधलेली असतात. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला उचल द्यायला मुकादम सहसा तयार नसतो. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हाती पडते आणि वहीत नावही त्याचंच चढतं. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या पट्ट्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून ही जोडपी सोलापूर, सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे आणि कर्नाटकात उतरतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच.

फडात नवरा ऊस तोडतो. बायको पाचट काढते, मोळी बांधते आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढते. त्याआधी पहाटे उठून तिनं पाणी भरलेलं असतं, भाकऱ्या थापलेल्या असतात, लहानग्याला फडाच्या बांधावर झोळीत टाकलेलं असतं. दिवसाचं काम मोजलं जातं टनात आणि टनाचे पैसे जमा होतात कोयत्याच्या खात्यावर. त्या टनात बाईचा वाटा किती, याचा रकाना वहीत नाही.

या रकान्याबद्दलच इथं बोलायचं आहे. स्त्रीवादाचा सिद्धांत आणि राजकीय कृती यांची सांगड कशी घालायची, हा प्रश्न विद्यापीठांच्या चर्चासत्रांत वर्षानुवर्षं चघळला जातो. फडात काम करणाऱ्यांना तो ऐषारामी वाटतो, आणि चर्चासत्रांचा एकूण थाट पाहता त्यांचं फार चुकतं असंही नाही. पण ऊसतोडीच्या बाबतीत गाडं अडलंय ते नेमकं सिद्धांताच्या अभावी. करुणा भरपूर झाली, समित्या झाल्या, तपासणी शिबिरं झाली. हिशेब मात्र जिथल्या तिथं आहे.

२०१९ चा उन्हाळा आठवावा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या आणि देशभर खळबळ उडाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास दिसतं. दोन पाहण्यांचे वयोगट अगदी सारखे नाहीत हे धरूनही तफावत डोळ्यांत भरण्याजोगी आहे.

त्यावर उपाय काय झाले? खासगी दवाखान्यांनी अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असं ठरलं. हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर बायकांची आरोग्य तपासणी करायचं ठरलं. दोन्ही गोष्टी योग्यच, आणि नफेखोर डॉक्टरांना चाप बसायलाच हवा होता. पण बाई त्या डॉक्टरपर्यंत पोहोचते कशी, ते पाहा. पाळीच्या दिवसांत पोट दुखतं, अंगावरून जातं. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. एक दिवस बसून राहिलं की ‘खाडा’ पडतो. खाडा म्हणजे त्या दिवसाचं काम तर बुडालंच, वर पाचशे रुपयांपर्यंत दंड उचलीत वाढतो. आणि खाडा पडतो तो अख्ख्या कोयत्याला. बायको खोपीवर पडून राहिली तर नवऱ्याचाही दिवस अर्धा बाद होतो, कारण मोळी बांधून वाहणारं कुणी नसतं. तिचं दुखणं तिच्या एकटीच्या पगारातून वजा होत नाही, घराच्या कर्जात जमा होतं. मग घरातूनच सल्ला मिळतो, पिशवी काढून टाक, कटकट जाईल.

शस्त्रक्रियेवर नियंत्रण आलं, पण खाडा तसाच राहिला, कारण तो ज्याच्या नावे पडतो ते एकक कुणी हलवलंच नाही.

घर हे एकच एकक धरायचं, त्याचा एक कर्ता मानायचा आणि बाकीच्यांचं काम त्याच्या नावात विरघळू द्यायचं, यावर स्त्रीवादी अभ्यासकांनी सत्तरच्या दशकापासून बोट ठेवलं आहे. त्यातल्या एका बाईंचा पुण्याशी जुना संबंध. मारिया मीस ही जर्मन समाजशास्त्रज्ञ साठच्या दशकात पुण्यात जर्मन शिकवत होती. पुढे तिनं आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, त्यावरचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. या बायका घरी बसून दिवसाचे सहा-आठ तास सुईवर लेस विणत, ती युरोप-अमेरिकेत विकली जाई, निर्यातदारांचे बंगले उठत. पण विणणारीला विचारलं तर ती म्हणे, मी गृहिणी आहे, रिकाम्या वेळात विणते. व्यापाऱ्याला हे उत्तर सोयीचं होतं. गृहिणीच्या फावल्या वेळाला किमान वेतन लागत नाही. मीसनं या व्यवस्थेला ‘गृहिणीकरण’ म्हटलं. बाईला आधी गृहिणी ठरवायचं, म्हणजे तिचे श्रम स्वस्तात मिळतात. कोयत्याचा हिशेब याच जातकुळीतला आहे. फरक इतकाच, की नरसापूरची बाई घराच्या भिंतीआड होती आणि बीडची बाई उघड्या फडात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काम करते.

मीसचं हे शहाणपण ग्रंथालयातून उगवलेलं नव्हतं, हे सांगायला हवं. नरसापूरच्या आधी, १९७६ मध्ये तिनं तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा चळवळीवर दीर्घ लेख लिहिला होता. शहाद्याच्या भिल्लांनी अंबरसिंग महाराजांच्या आणि श्रमिक संघटनेच्या नेतृत्वाखाली जमिनी आणि मजुरीसाठी लढा उभारला. त्यात बायका आल्या त्या मजुरीच्या प्रश्नावर, पण शिबिरांत बोलायला लागल्यावर त्यांनी दारू आणि मारहाण हे विषय पुढे आणले. दारूच्या गुत्त्यांवर मोर्चे गेले, माठ फुटले, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारला गेला. पुण्या-मुंबईहून गेलेल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांच्या वर्गलढ्याच्या आराखड्यात नवऱ्याचा मार हा विषय काही वरच्या क्रमांकावर नव्हता. त्या भिल्ल बायकांनी तो तिथं नेला. विचार वरून खाली झिरपतो आणि कृती खालून वर येते, हे चित्र म्हणूनच फसवं आहे.

आपल्याकडे याहून जुनं उदाहरण आहे आणि ते एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या नियमावर, आणि तो नियम पाळायचा तर बाईवर ताबा हवा; सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या त्या ताब्याच्या रीती, असा त्याचा गाभा. बारा वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणारं विधेयक आलं, तेव्हा आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाईच्या श्रमाचा लाभ मालक घेतो, तेव्हा या खर्चातून त्याला पूर्ण मोकळं सोडता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. कायदा १९२९ मध्ये झाला. पुढे हिंदू कोड बिल रखडलं आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपद सोडलं. निबंध, विधिमंडळ आणि राजीनामा हे तीन वेगवेगळे आंबेडकर नव्हेत. बाईवरच्या ताब्याचा एकच विचार जागा बदलत गेला.

त्या १९२९ च्या कायद्याला शंभरी भरत आली. फडात मात्र आजही बाई नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहते आणि बाळंत झाली की थोड्याच दिवसांत पुन्हा कामाला लागते. रजा मागायची कुणाकडे? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी उचल दिली ती नवऱ्याला. मालकांची अशी उतरंड, आणि तिच्या तळाशी जी आहे तिला कुणी कामावर ठेवलेलंच नाही!

कागदावरचं नाव बदललं की काय होतं, याचे दोन प्रयोग महाराष्ट्रानंच करून पाहिलेत.

पहिला रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, नाला-बंडिंगला हजारो बायका उतरल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला. त्यात बाईला आणि गड्याला दर एकच होता आणि हजेरीपटावर बाईचं स्वतःचं नाव लागत होतं. ‘कोयता फोडता येत नाही, कारण कुणी किती काम केलं ते मोजता येत नाही’ असं जे सांगितलं जातं, त्याला या हजेरीपटानं कधीच उत्तर दिलंय. रोजगार हमीवरही टोळीच काम करायची. खणलेली माती टोळीची म्हणून मोजली जायची आणि आलेली रक्कम हजेरीप्रमाणे नावानिशी वाटली जायची. पैसे हातात पडल्यावर ते नवऱ्याकडे जात असतील, नाही असं नाही. पण ते आधी तिचे होते. वेळेवर पगार मिळाला नाही तर तहसीलवर मोर्चा नेण्याचा हक्क तिला त्या नावानं दिला, आणि तिनं तो बजावलाही.

दुसरा प्रयोग शेतकरी संघटनेचा. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला महिला अधिवेशन झालं, लाखावर बायका जमल्या. संघटनेचे नेते शरद जोशी यांचं ‘चांदवडची शिदोरी’ हे पुस्तक याच अधिवेशनाशी जोडलेलं. बाईच्या गुलामीचं मूळ कुठे, यावर मार्क्सपासून सगळ्यांशी वाद घालणारं हे लेखन, शेतकऱ्यांच्या घरात वाचलं जावं म्हणून केलेलं. त्यातले निष्कर्ष सगळ्यांनाच पटतील असे नाहीत. पण पुढे जे घडलं ते विलक्षण होतं. ‘लक्ष्मीमुक्ती’ नावाचा कार्यक्रम आला: नवऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीनं बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरं हे करतील, त्या गावी जोशी स्वतः जाणार. शेकडो गावांनी केलं. ज्या सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पुरुषाच्या नावाखेरीज काही दिसलं नव्हतं, त्यावर बाईचं नाव आलं. नंतर सरकारनंही परिपत्रक काढून पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली.

लक्ष्मीमुक्तीची मर्यादा उघड आहे. जमीन असेल त्याच्याच घरात ती शिरू शकत होती. मराठवाड्यातला दलित, ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याची बायको या कार्यक्रमाच्या कक्षेतच नव्हती. तिच्यासाठी लढा झाला तो गायरानाचा. बीड भागात एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियानानं तो वर्षानुवर्षं लढवला. घर हे जातीचंही एकक असतं, आणि एका जातीच्या बाईला लागू पडलेला उपाय दुसरीपर्यंत पोहोचत नाही, हे स्त्रीवादी अभ्यासक शर्मिला रेगे पुण्यातल्या स्त्री अभ्यास केंद्रातून २०१३ साली निधन होईपर्यंत सांगत होत्या. ऊसतोडीला जाणारी घरं बहुतांशी वंजारी, बंजारा, दलित, भटके, अल्पभूधारक. फडाचे मालक आणि कारखान्यांचे संचालक कोणत्या समाजातले, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. कोयत्याच्या हिशेबाकडे नुसतं ‘बाईचा प्रश्न’ म्हणून पाहणंही म्हणूनच अपुरं आहे.

अलीकडच्या काळात बाईचं नाव सरकारी कागदावर येतंय, पण भलत्याच नात्यानं. ऑगस्ट २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. फडातल्या बाईलाही ते मिळत असतील आणि तिला त्यांची गरज आहे, त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण ज्या राज्याला बहीण म्हणून तिच्या खात्यात पैसे टाकता आले, त्याला कामगार म्हणून तिच्या टनांचे पैसे त्याच खात्यात टाकता येत नाहीत, ही गोष्ट खटकायला हवी. भाऊबीज भावाच्या मर्जीवर, निवडणुकीच्या तोंडावर वाढते, नंतर निकषांच्या चाळणीतून गळते. मजुरीला मर्जी लागत नाही.

कोयता फोडण्याला विरोध फक्त कारखान्यांचा नाही, हेही मान्य करावं लागेल. खुद्द टोळीतल्या माणसांना धास्ती असते, की दोन खाती झाली तर उचल कमी मिळेल. मुलीचं लग्न, घरातलं आजारपण, विहिरीचं काम या उचलीवरच निघतं. दुसरी शंका जास्त अवघड आहे: बाईचं नाव वहीत आलं तर कर्जही तिच्या नावावर येईल. खरं आहे. पण नाव नसताना ती सुटते कुठं? नवरा गेला की उरलेली उचल फेडायला मुकादम तिच्याच दारात उभा राहतो. म्हणजे देणं तिचं, आणि येणं मात्र कोयत्याचं. शिवाय दोघांची वेगळी नोंद झाली की एकट्या बाईला, विधवेला, टाकलेलीला ‘अर्धा कोयता’ म्हणून परतवून लावणंही अवघड होईल. मराठवाड्यात अशा बायका थोड्याथोडक्या नाहीत.

कुणाला वाटेल, बायका सत्तेत आल्या की हे आपोआप सुटेल. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. बीडनं तर महिला मंत्रीही दिल्या आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ झालं, त्याच्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचंही ठरलं. ओळखपत्रं, मुलांसाठी वसतिगृहं असं काही काही त्यातून होतंय. पण खुर्चीत बाई बसली म्हणून वहीचा नमुना बदलत नाही. तो बदलायचा तर ‘कोयता’ या एककावरच हल्ला करणारी मागणी कुणीतरी मांडायला हवी. ती मागणी सुचायला आधी विचार लागतो आणि रेटायला संघटना.

विचार आहे. संघटनाही आकाराला येतेय. बीडमध्ये ऊसतोड बायकांनी स्वतःची वेगळी संघटना बांधायला घेतली आहे, महिला किसान अधिकार मंच पाहण्या करतो आहे, जुन्या डाव्या संघटना आहेतच. नोंदणी, शौचालय, पाळणाघर, आठवड्याची सुट्टी या मागण्या त्यांनी लावून धरल्यात. कळीची जागा मात्र दुसरीकडे आहे. ऊसतोडीचा दर ठरतो तो साखर संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यातल्या करारात, साधारण तीन वर्षांसाठी. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात ३४ टक्के वाढ ठरली आणि संप टळला. टनाला किती, मुकादमाचं कमिशन किती, यावर तिथं घासाघीस झाली. टनाचे पैसे कुणाच्या नावावर, यावर झाली नाही.

पुढच्या कराराच्या मसुद्यात दराच्या कलमाखाली आणखी एक कलम येऊ शकतं: प्रत्येक तोडणी मजुराची स्वतंत्र नोंद कारखान्याकडे असेल, जोडीनं तोडलेल्या उसाची मजुरी निम्मी-निम्मी दोघांच्या बँक खात्यांत जमा होईल आणि आजारपणाचा किंवा बाळंतपणाचा दिवस खाडा धरला जाणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, विधानसभेचं अधिवेशन लागत नाही. वजनकाट्याची पावती कारखान्याच्या संगणकातूनच निघते, तिच्यावर एकाऐवजी दोन नावं छापायची आहेत. आणि ज्या बैठकीत हा करार होईल, तिथं मजुरांच्या बाजूच्या खुर्च्यांपैकी निम्म्या खुर्च्यांवर फडात मोळी वाहिलेल्या बायका बसायला हव्यात.